११.३२ टक्के: बाईंचा संशय नेमकं काय मोजतो?

भारतातल्या शाळकरी मुलांच्या एडीएचडीवर वाचायला लागलात की एक आकडा हमखास समोर येतो: ११.३२ टक्के. हा आकडा २०१३ साली इंडियन जर्नल ऑफ सायकिअट्रीमध्ये छापून आलेल्या कोइंबतूर जिल्ह्यातल्या अभ्यासाचा. चार शाळा, सहा ते अकरा वयाची मुलं, पालकांना आणि शिक्षकांना कॉनर्सची संक्षिप्त प्रश्नावली, आणि त्यातून निघालेलं प्रमाण. पेपर छोटा आहे, सहज वाचता येतो, आकडा दशांश चिन्हासकट आहे. त्यामुळे तो पुढच्या पेपरांच्या प्रस्तावनेत जातो, तिथून प्रबंधात आणि प्रबंधातून वर्तमानपत्रात.

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण याच धर्तीवर प्रस्ताव लिहितात. शहर बदलायचं, शाळा बदलायच्या, प्रश्नावली तीच. 'पालघर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमधील विद्यार्थ्यांत एडीएचडीचे प्रमाण' असं शीर्षक तर डोळे मिटून सुचेल. बोईसर-तारापूर पट्ट्यात शाळा भरपूर आहेत, उद्योगामुळे लोकसंख्या मिश्र आहे, मार्गदर्शक लगेच हो म्हणतील. माझं म्हणणं एवढंच, की हा अभ्यास आहे त्या रूपात बोईसरला नेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो.

आधी पेपरच्या बाजूने बोलू. त्यांनी फक्त शिक्षकांवर भिस्त ठेवली नाही, पालकांनाही विचारलं. हे पुष्कळ जण करत नाहीत. मुलगे आणि मुली वेगळे मोजले, आर्थिक स्तरानुसार विभागणी दिली. प्रामाणिक, कमी साधनांतलं काम आहे. अडचण आहे ती 'प्रमाण' या शब्दात. प्रश्नावलीत ठरावीक गुणांच्या वर गेलेली मुलं आणि एडीएचडी असलेली मुलं हे दोन वेगळे गट आहेत, आणि सगळी गडबड त्या दोघांमधल्या फटीत आहे.

निदानाचे निकष काय म्हणतात ते बघा. डीएसएम-५ (२०१३) नुसार लहान मुलात अवधानाच्या नऊपैकी किमान सहा किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी किमान सहा लक्षणं हवीत. ती सहा महिने टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, त्यांचा मुलाच्या जगण्यावर परिणाम दिसायला हवा, आणि ती किमान दोन ठिकाणी, म्हणजे समजा घरी आणि शाळेत, दिसायला हवीत. शिवाय दुसऱ्या कशाने ती अधिक चांगली समजावता येत नाहीत ना, हे बघायचं. ही शेवटची अट कुठल्याही चेकलिस्टमध्ये मावत नाही. त्यासाठी कुणीतरी माणसाने बसून विचारावं लागतं.

आता प्रश्नावली. कीथ कॉनर्स यांनी शिक्षकांसाठीची मापनश्रेणी १९६९ साली प्रसिद्ध केली. (त्याच वर्षी तारापूरची अणुभट्टी सुरू झाली. संबंध काही नाही, पण साल लक्षात राहतं.) ती तयार झाली ती औषधांच्या चाचण्यांसाठी, पेपरच्या शीर्षकातच तसं लिहिलेलं आहे. मूल आधीच दवाखान्यात आलेलं आहे, त्याला औषध सुरू केलं, आता वर्गात फरक पडतोय का, हे शिक्षकाला विचारायचं. म्हणजे एकाच मुलाची आधी आणि नंतर अशी तुलना. पुढे तिचं दहा प्रश्नांचं छोटं रूप निघालं आणि ते जगभर पसरलं, कारण दहा प्रश्न दोन मिनिटांत भरून होतात. चाळीस मुलांच्या वर्गाच्या बाईंना दोन मिनिटं किती महत्त्वाची असतात ते वेगळं सांगायला नको.

पण त्या दहा प्रश्नांत काय आहे? चुळबुळ, अस्वस्थपणा, काम अर्धवट सोडणं, लक्ष न लागणं, हे आहेच. त्याबरोबर पटकन रडणं, मूड झरझर बदलणं, संतापाचे झटके, मागितलेलं लगेच हवं असणं हेही आहे. म्हणजे एकाच बेरजेत चंचलता, अवधान, भावना आणि आक्रमकपणा एकत्र पडतात. जे मूल शांतपणे खिडकीबाहेर बघत बसतं, त्याचे गुण कमी भरतात. जे चिडकं आणि भांडकुदळ आहे, त्याचे जास्त. ही टीका मी आज शोधून काढलेली नाही. १९८५ साली उलमन, स्लीटर आणि स्प्राग या तिघांनी या संक्षिप्त प्रश्नावलीचा फेरविचार करणारा पेपर लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातच आपलं मत बदलल्याचं सांगितलं. त्यांचा मुद्दा हाच होता: ही प्रश्नावली चंचल आणि आक्रमक अशा मिश्र मुलांना निवडते, मग आपण त्यांना निव्वळ चंचल समजून अभ्यास करत बसतो. कोइंबतूरचा पेपर त्यानंतर २८ वर्षांनी आला. साधनाचा इतिहास न वाचता साधन वापरलं की काय होतं याचं हे उदाहरण मी माझ्या ज्युनिअर मंडळींना नेहमी देतो.

याच मुद्द्यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९९३ सालचा आहे, ॲबिकॉफ आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी बालकलाकारांकडून वर्गातल्या वागण्याच्या व्हिडिओ फिती तयार करून घेतल्या. एका फितीत मूल इतर सर्वसाधारण मुलांसारखं वागतं. दुसरीत एडीएचडीची लक्षणं दाखवतं. तिसरीत ते उर्मट आहे, ऐकत नाही, उलट बोलतं, पण चंचल नाही. प्राथमिक शाळेच्या १३९ शिक्षकांना या फिती दाखवून गुण द्यायला सांगितले. चंचल मुलाला शिक्षकांनी बरोबर ओळखलं. मात्र उर्मट मुलालाही त्यांनी चंचलतेचे आणि अवधानदोषाचे जास्त गुण दिले, जे फितीत नव्हतंच. उलट बाजूने तसं झालं नाही: मूल चंचल आहे म्हणून त्याला उर्मट ठरवलं गेलं नाही. थोडक्यात, जे मूल बाईंना त्रास देतं त्याच्या खात्यावर न केलेल्या गोष्टीही जमा होतात.

प्रयोगाचा बाज बघा. प्रत्यक्ष वर्गातलं मूल घेतलं असतं तर खरं वागणं काय होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. बालकलाकार घेतल्यामुळे उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे मोजणाऱ्याची चूक मोजता आली. मोजमापाच्या साधनाचं कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण थर्मामीटर बर्फात बुडवून शून्य तपासतो, आणि माणसांचा अभ्यास करताना ते विसरतो.

आता थोडं गणित, जे खरं तर प्रस्ताव लिहिण्याआधीच करायला हवं. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००७ साली पोलान्चिक आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीचं प्रमाण ५.२९ टक्के काढलं होतं. सोयीसाठी पाच धरू. समजा एका परिसरात १००० मुलं आहेत. त्यांपैकी ५० जणांना खरोखर एडीएचडी आहे. समजा आपली प्रश्नावली त्यांपैकी ८० टक्के मुलं पकडते: ४० झाली. उरलेल्या ९५० मुलांपैकी ९२ टक्क्यांना ती बरोबर सोडून देते, म्हणजे ८ टक्क्यांना चुकून पकडते: ७६ झाली. एकूण ११६ मुलं, म्हणजे ११.६ टक्के. आकडे मी मुद्दाम असे निवडले हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पण ते अवास्तव नाहीत, उलट बरेच उदार आहेत. कोइंबतूरच्या आकड्याच्या अगदी शेजारचा आकडा, आणि त्यात दर तीन मुलांमधली दोन चुकून आलेली. तिथे असंच झालं असं मी म्हणत नाही. असंही होऊ शकतं, आणि ही शक्यता त्या पद्धतीने नाकारता येत नाही, एवढंच म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक पकडलेल्या मुलाची तज्ज्ञाकडून मुलाखत झाली असती, तर नाकारता आली असती.

पेपरमधला खरा महत्त्वाचा आकडा मात्र दुसराच आहे, आणि तो फारसा कुणी उद्धृत करत नाही. निम्न आर्थिक गटात प्रमाण १६.३३ टक्के आणि मध्यम गटात ६.८४ टक्के. दुपटीहून जास्त फरक. याचे किमान तीन अर्थ लागतात. गरिबीत एडीएचडीला पोषक कारणं खरंच जास्त असतील: कमी वजनाचं बाळंतपण, अपुरं पोषण. किंवा गरिबीत एडीएचडीसारखं दिसणारं पण एडीएचडी नसलेलं वागणं जास्त असेल. किंवा गरीब मुलांकडे बघण्याची नजर वेगळी असेल. तिन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. या तिन्हींना वेगळं करायचं असेल तर अभ्यासाची मांडणीच वेगळी लागते.

आणि इथेच बोईसर येतं. तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराचं घर म्हणजे बहुतेक वेळा चाळीतली एक खोली. वडील रात्रपाळी करून सकाळी येतात, की मुलाला आवाज न करता बाहेर काढायचं. दुसऱ्या पाळीचे असतील तर रात्री बारा वाजता दिवा लागतो, जेवण होतं, मोबाईल चालू होतो. त्या खोलीत झोपणाऱ्या सहा वर्षांच्या पोराची झोप किती झाली, हे कॉनर्सच्या दहा प्रश्नांत नाही. झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं. झोप न झालेलं लहान मूल पुष्कळदा उलट उड्या मारतं, हे प्रत्येक आईला माहीत असतं.

भाषा घ्या. घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलणारं मूल मराठी माध्यमात बसलंय. किंवा घरी वारली बोलणारं मूल प्रमाण मराठीत चाललेला तास ऐकतंय. सूचना अर्धी कळली की मूल शेजाऱ्याच्या वहीत बघतं, उठतं, विचारतं, मग कंटाळतं. 'सूचना पाळत नाही', 'काम पूर्ण करत नाही', 'लक्ष देत नाही': तीन खुणा झाल्या. रक्तक्षय घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच मुलं पुढे बालवाडीतून पहिलीत येतात. कान घ्या: सर्दीने कानात पाणी साचलेल्या मुलाला बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. आणि दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातलं मूल पावसाळ्यात परत येऊन वर्गात बसतं, तेव्हा त्याला 'बसायची सवय नाही' हे वाक्य शब्दशः खरं असतं.

डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक घराबाहेर, तंबूत झोपत होते. त्या हिवाळ्यात तिथल्या एखाद्या शाळेत ही प्रश्नावली भरून घेतली असती, तर कोणता आकडा आला असता आणि त्याला आपण काय नाव दिलं असतं?

एक सावधगिरी, कारण तारापूरचं नाव आलं की हात शिवशिवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होतं, ९३.६९ गुणांसह. म्हणून 'औद्योगिक प्रदूषण आणि एडीएचडी' असा प्रस्ताव आकर्षक वाटतो. पण ज्या गल्लीत धूर आहे त्याच गल्लीत रात्रपाळी, एक खोली, परभाषा आणि स्थलांतरही आहे. प्रश्नावलीच्या गुणांवरून धुराचा वाटा वेगळा काढता येणार नाही. बातमी मात्र नक्की होईल.

वयाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यावरचा पुरावा सगळ्यात सुबक आहे. २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेटन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरची अट असते. ऑगस्टअखेरीला जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान. सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेलं एक वर्ष थांबतं आणि पुढच्या वर्गात सगळ्यात मोठं होतं. चार लाखांहून अधिक मुलांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या. अशा राज्यांत एडीएचडीचं निदान ऑगस्टच्या मुलांत दर दहा हजारांत ८५.१, सप्टेंबरच्या मुलांत ६३.६. म्हणजे साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त. ज्या राज्यांत ही तारीख लागू नव्हती तिथे या दोन महिन्यांत असा फरक दिसला नाही. दमा, मधुमेह यांच्या निदानातही दिसला नाही. या शेवटच्या दोन तपासण्या करायला शिका. माझं स्पष्टीकरण चुकीचं असेल तर फरक कुठे दिसेल, हे विचारून तिथे जाऊन बघायचं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातही २०१२ साली अशाच दिशेचा निकाल आला होता. डेन्मार्कमध्ये मात्र परिणाम नगण्य दिसला. तिथे लहान वाटणारी मुलं पुष्कळदा वर्षभर उशिरा शाळेत घालतात.

मेंदूची जडणघडण ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री बदलत नाही. बदलते ती तुलना. बाई मुलाला वर्गातल्या बाकीच्यांशी ताडून बघतात, दुसरं करणार तरी काय?

आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी अलीकडच्या वर्षांत ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण ही अट आहे. म्हणजे २५ डिसेंबरचं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असताना पहिलीत बसतं, आणि त्याच बाकावर आदल्या जानेवारीतलं, जवळजवळ साडेसहाचं मूल असतं. साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे काय ते काढा. त्यात पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असेल तर पहिली ते पाचवीला दोन शिक्षक. मग एका खोलीत दोन-तीन इयत्ता. तिथे पहिलीतल्या डिसेंबरच्या मुलाची तुलना तिसरीतल्या मुलांशी होत असेल का? माझा अंदाज, होत असेल. कुणी तपासलं तर मला वाचायला आवडेल. बोईसरमध्ये करण्याजोगा अभ्यास म्हणाल तर हा आहे: जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख असतेच, फार पैसे लागत नाहीत. फक्त एक खबरदारी घ्यावी लागेल. दाखल्यावरची तारीख खरी आहे का हे बघावं लागेल, कारण १ जून ही जन्मतारीख आपल्या गावांत संशयास्पद प्रमाणात आढळते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग बाईंचं ऐकूच नये. हे मला अजिबात मान्य नाही, आणि या विषयावरच्या टीकेचा हाच सगळ्यात मोठा दोष आहे. अमेरिकेतली अतिनिदानाची ओरड जशीच्या तशी उचलून पालघरला आणायची, हा कोइंबतूरची प्रश्नावली उचलून आणण्याइतकाच आळशीपणा आहे. इथे बहुतेक मुलांपर्यंत निदान पोहोचतच नाही. ज्यांना खरोखर एडीएचडी आहे ती मुलं 'मस्तीखोर', 'बिनडोक', 'बापावर गेलाय' अशा शब्दांत वाढतात, फटके खातात आणि सातवी-आठवीच्या आसपास शाळेतून गळतात. मागच्या बाकावरची हरवलेली, गप्प मुलगी तर कुणाच्याच संशयात येत नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही.

आणि बाईंना जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. त्याच वयाची तीस-चाळीस मुलं, रोज पाच तास, वर्षभर. बालरोगतज्ज्ञाला पंधरा मिनिटं मिळतात. ॲकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून दाखवलं की पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या माणसांच्या मतांमधला सहसंबंध सरासरी ०.२८ इतकाच असतो. एकाच भूमिकेतल्या दोघांमध्ये, उदाहरणार्थ आई आणि वडील, तो ०.६० असतो. विद्यार्थी हे वाचून म्हणतात, म्हणजे कुणीतरी चुकतंय. तसं नसतं. मूल घरी वेगळं असतं, शाळेत वेगळं असतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्या फरकातच माहिती आहे. फक्त शाळेत दिसणारी चंचलता तुम्हाला मुलाइतकीच शाळेबद्दल सांगते.

तेव्हा बाईंनी काय सांगावं आणि आईने काय करावं? 'ताई, तुमच्या मुलाला एडीएचडी वाटतो, डॉक्टरांना दाखवा,' हे वाक्य जड आहे आणि त्यात माहिती शून्य. 'ताई, जेवणाच्या सुट्टीनंतर गणिताच्या तासाला तो दहा मिनिटांत चारदा उठतो, पण गोष्ट सांगताना शेवटपर्यंत बसतो. घरी कसं असतं?' हे वाक्य हलकं आहे आणि त्यात निरीक्षण, वेळ, ठिकाण, अपवाद सगळं आहे. डॉक्टरला दुसरं वाक्य उपयोगी पडतं. संशोधकालाही. आईने घाबरूही नये आणि बाईंशी भांडूही नये. 'बाई, आठवडाभर हेच लिहून ठेवाल का, मीही घरचं लिहिते,' एवढं म्हणावं. मग कान, डोळे, रक्त तपासून घ्यावं, झोपेचं बघावं. हे सगळं ठीक असूनही दोन्ही वह्यांत तेच दिसत राहिलं, सहा महिने टिकलं, तर पुढचं पाऊल उचलायला उशीर करू नये.

वय सहाच्या आत असेल तर आणखी सबुरी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार औषध नाही, तर पालकांना वर्तनव्यवस्थापनाचं प्रशिक्षण हा आहे. भारतातल्या पाच ठिकाणी, उत्तर गोव्यासह, झालेल्या आणि २०१८ साली प्लॉस मेडिसिनमध्ये आलेल्या इन्क्लेनच्या अभ्यासाने दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली, पण एडीएचडी आणि अध्ययनदोष हे दोन सहा वर्षांच्या पुढेच मोजले. त्याखालच्या वयात मोजलेच नाहीत. बालवाडीत चेकलिस्ट घेऊन जाणाऱ्यांनी हा निर्णय वाचावा. त्यांच्या पद्धतीत आधी घरोघरची निवड, मग तज्ज्ञांची तपासणी होती, आणि त्यामुळे तो अभ्यास महाग आणि संथ झाला. चांगल्या मोजमापाची किंमत तेवढी असते.

जायचं कुठे, हा प्रश्न पालघरमध्ये पुस्तकी राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथकं शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतात, आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण एका दिवसात शाळा उरकणाऱ्या पथकाला सहा महिन्यांचं वागणं कसं दिसणार? त्यांना ते दिसेल फक्त बाईंच्या वहीतून, वही असली तर. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययनदोषाचं क्लिनिक आहे, पण बोईसरहून गाडीने जायचं म्हणजे आईचा किंवा वडिलांचा पूर्ण दिवस आणि त्या दिवसाचा पगार, आणि असे दिवस एकापेक्षा जास्त. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययनदोष आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. एवढी पायपीट करून निव्वळ एडीएचडीवर प्रमाणपत्र मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

म्हणून शेवटी पुन्हा तुमच्या प्रस्तावाकडे. बोईसरमध्ये काम करायचंच असेल तर फॉर्ममध्ये पूर्ण जन्मतारीख, घरची भाषा, या शाळेतले महिने, वर्गात किती इयत्ता एकत्र बसतात आणि घरी पाळी कोणती, हे रकाने हवेत. शिक्षक आणि पालक यांचे गुण वेगळे छापा, सरासरी काढू नका. पकडलेल्या प्रत्येक मुलाची आणि न पकडलेल्यांपैकी काहींची तज्ज्ञाकडून तपासणी ठेवा, नाहीतर 'प्रमाण' हा शब्द शीर्षकातून काढा. शंभर मुलंच परवडत असतील तर शंभरच घ्या.

आणि नैतिकता समितीच्या अर्जात एक परिच्छेद बहुतेक जण दुसऱ्याच्या अर्जातून चिकटवतात: 'आढळलेल्या बालकांना योग्य त्या ठिकाणी पाठवले जाईल.' तो चिकटवू नका. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारी, कोण बरोबर जाणार, भाडं कोण देणार, हे लिहा. घरी जाणारा निरोप मराठीत आणि हिंदीत छापा. वारली बोलणाऱ्या घरी कुणालातरी जाऊन तो तोंडी सांगावा लागेल. आणि हे सगळं दिवाळीच्या आधी उरका. नंतर निरोप घेऊन गेलात तर घराला कुलूप असेल आणि मूल भिवंडीकडच्या कुठल्यातरी वीटभट्टीवर असेल.